हाताला कळलेले रसायन

१८१२ सालच्या जुलै महिन्यात लंडनमधील एका पुस्तकबांधणीच्या दुकानातल्या वीस वर्षांच्या उमेदवाराने आपल्या मित्राला एक लांबलचक पत्र लिहिले. त्यात प्रकृतीची चौकशी थोडी आणि एका उद्योगाची हकीकत फार, असा प्रकार होता. त्याने जस्ताचा पत्रा पैदा केला, अर्ध्या पेनीच्या नाण्याएवढ्या सात चकत्या कापल्या, तितकीच तांब्याची नाणी घेतली, मध्ये मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागदाचे तुकडे घातले आणि ही चवड रचून तिच्या दोन टोकांच्या तारा एप्सम मिठाच्या पाण्यात सोडल्या. तारांवर बुडबुडे धरले. दोनएक तासांनी नितळ पाणी गढूळ झाले, कारण त्यातला मॅग्नेशिया सुटा होऊन पाण्यात तरंगू लागला होता. खिशातल्या नाण्यांनी आपण एका क्षाराचे पृथक्करण केले, याचा त्या मुलाला कोण आनंद झाला होता!

हा मुलगा म्हणजे मायकेल फॅरडे. त्याच्या शोधांवर आजवर पुष्कळांनी अधिकारवाणीने व्याख्याने दिली आहेत आणि तो अधिकार माझा नाही. मला बोलायचे आहे ते त्याच्या अभ्यासाविषयी. ज्याला शाळा नाही, पैसा नाही, वेळही नाही, अशा माणसाने रसायनशास्त्रासारखा विषय आपलासा केला तो कोणत्या रीतीने, हा प्रश्न माझ्यासारख्या कामगारांत वावरणाऱ्या माणसाला कोरड्या कुतूहलाचा वाटत नाही. तो का वाटत नाही, हे सांगण्यासाठी एक प्रसंग सांगणे भाग आहे.

आमच्या भागातील एका रसायनाच्या कारखान्यात एक तरुण कामगार होता. कारखान्याचे नाव मी घेत नाही; ते प्रकरण मिटले आहे. हा मुलगा परीक्षा चांगल्या गुणांनी उतरलेला. एका रात्रपाळीत घाईघाईने त्याने तीव्र गंधकाम्लाच्या भांड्यात वरून पाणी ओतले. आम्ल आणि पाणी एकत्र आले की भयंकर उष्णता निघते. पाणी वर असले तर ते तिथल्या तिथे उकळते आणि आम्लासकट उसळून अंगावर येते. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. मी इस्पितळात भेटायला गेलो तेव्हा तो मला म्हणाला, "साहेब, आम्ल पाण्यात घालावे, पाणी आम्लात घालू नये, हे मी पेपरात लिहिले होते. त्याचे दोन गुणही मिळाले होते."

श्रोतेहो, त्या वाक्याने मला कित्येक रात्री झोप लागू दिली नाही. व्यवस्थापनाची चूक होती तिच्यासाठी आम्ही भांडलो, नुकसानभरपाई मिळवली. पण पेपरात लिहिलेले उत्तर हातापर्यंत का पोहोचले नाही, हा प्रश्न कोणत्याही मागणीपत्रात बसणारा नव्हता. त्याचा शोध घेताना मी फॅरडेपाशी येऊन थांबलो.

फॅरडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा. बाप लोहार, आणि तोही सदा आजारी. १८०१ साली इंग्लंडात धान्य अतोनात महागले, तेव्हा या मुलाच्या वाट्याला आठवड्याला एक पाव येई आणि तो त्याने पुरवून खायचा. वाचणे, लिहिणे आणि थोडी आकडेमोड एवढ्यावर शिक्षण आटोपले. १८०४ साली तो जॉर्ज रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे पोऱ्या म्हणून लागला. त्या काळी वर्तमानपत्र महाग, म्हणून ते भाड्याने वाचायला देत. ते घरोघर पोहोचवायचे आणि वाचून झाले की परत आणायचे, हे याचे काम. पुढच्या वर्षी, ७ ऑक्टोबर १८०५ रोजी, रिबोने त्याला सात वर्षांच्या कराराने पुस्तकबांधणीचा उमेदवार करून घेतले. अशा उमेदवारीसाठी मुलाच्या बापाने मालकाला रक्कम मोजण्याची रीत होती. रिबोने ती माफ केली.

फर्मे शिवायचे, खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा, हे बांधणाऱ्याचे काम. त्याने आतला मजकूर वाचावा अशी कोणाची अपेक्षा नसते. फॅरडे वाचू लागला. बांधायला आलेल्या ब्रिटानिका विश्वकोशातला विजेवरचा लेख त्याने वाचला, आणि 'रसायनशास्त्रावरील संभाषणे' हे पुस्तक वाचले. हे दुसरे पुस्तक जेन मार्सेट या बाईंनी लिहिले आणि १८०५ च्या अखेरीस ते निनावी प्रसिद्ध झाले होते. बाई रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सर हम्फ्री डेव्हींची व्याख्याने ऐकायला जात. ऐकलेले नीट उमगेना, मैत्रिणीशी बोलल्यावर उमगू लागले, म्हणून त्यांनी सारे पुस्तकच एका शिक्षिकेच्या आणि दोन मुलींच्या संवादात मांडले. म्हणजे ज्यांना विद्यापीठाचे दार बंद, त्यांच्यासाठी तसेच दार बंद असलेल्या बाईने लिहिलेले ते पुस्तक होते. त्यातल्या मुली शंका विचारतात, चुकतात, हट्ट धरतात. लोहाराच्या मुलाला त्या पानांत आपल्यासारखे कोणी भेटले असावे.

येथे फॅरडेच्या अभ्यासाची पहिली खूण दिसते. त्याने त्या पुस्तकावर विश्वास ठेवला नाही. फार वर्षांनी, जगभर कीर्ती झाल्यावर, १८५८ साली त्याने एका मित्राला लिहिलेल्या पत्रात हे सांगितले आहे. पुस्तकातले जे जे विधान आपल्या ऐपतीतल्या लहानसहान प्रयोगांनी पडताळता आले ते त्याने पडताळून पाहिले. ते खरे ठरत गेले, तेव्हा त्याला वाटले की आपल्याला नांगर टाकायला जागा मिळाली. पुढे आपला निबंध छापला की त्याची प्रत तो या बाईंना कृतज्ञतेने पाठवी. वाचलेले विधान स्वतःच्या हाताने एकदा तरी खरे करून पाहावे, ही ती रीत. आमच्या त्या मुलाने आम्लाचा नियम वाचला होता आणि लिहिलाही होता. पण चमचाभर आम्ल पेलाभर पाण्यात, कोणी जाणता शेजारी उभा असताना, हळूहळू सोडून पेला बाहेरून किती तापतो हे त्याला कोणी कधी दाखवले नव्हते.

दुसरी खूण वहीची. १८१० च्या फेब्रुवारीपासून फॅरडे डॉर्सेट स्ट्रीटवर जॉन टेटम नावाच्या गृहस्थांच्या घरी संध्याकाळची शास्त्रीय व्याख्याने ऐकायला जाऊ लागला. प्रत्येक व्याख्यानाला एक शिलिंग पडे. तो शिलिंग त्याचा थोरला भाऊ रॉबर्ट देई, आणि रॉबर्टही लोहारकामच करीत होता. ज्या शिलिंगासाठी भावाने ऐरणीपाशी घाम गाळला तो वाया जाऊ द्यायचा नाही, म्हणून की काय, फॅरडेने ऐकण्याची एक शिस्त बसवली. व्याख्यान चालू असताना तो शिवलेल्या कागदांवर फक्त महत्त्वाचे शब्द, प्रयोगांची नावे आणि क्रम टिपून घेई. घरी आल्यावर त्यावरून जरा विस्तृत टिपण करी. मग त्या दुसऱ्या टिपणाच्या आधाराने सारे व्याख्यान कच्चे लिहून काढी, आणि शेवटी स्वच्छ प्रत करी. उपकरणांच्या आकृत्या धड याव्यात म्हणून रिबोच्या घरी बिऱ्हाड करून राहिलेल्या एका फ्रेंच चित्रकाराकडून तो यथादर्शन रेखाटनही शिकला. टेटमच्या व्याख्यानांचे असे चार खंड त्याने स्वतः बांधले आणि आपल्या मालकाला, रिबोला, अर्पण केले.

या रीतीत उघड मर्म आहे. व्याख्यान शब्दशः उतरवून घेणारा माणूस व्याख्यानभर कारकून असतो. त्याचे कान आणि बोटे काम करतात, डोके मोकळे राहते. फॅरडेच्या टिपणात गाळलेल्या जागा मुद्दाम सोडलेल्या असत, आणि त्या घरी बसून स्वतःच्या डोक्याने भरायच्या असत. जिथे भरता येईना तिथे आपल्याला कळलेले नाही, हे त्याच रात्री कळे. आपली स्मरणशक्ती कच्ची आहे अशी त्याची आयुष्यभर तक्रार होती, आणि तिच्यावर उपाय म्हणून तो वहीवर भिस्त ठेवी. १८३२ पासून प्रयोगशाळेच्या रोजनिशीतल्या परिच्छेदांना त्याने अनुक्रमांक घालायला सुरुवात केली आणि शेवटपर्यंत ते क्रमांक सोळा हजारांवर गेले. फसलेला प्रयोगही त्यात आहे. आमच्या कारखान्यांत पाळी बदलताना लिहायची वही असते. ती किती प्रामाणिकपणे लिहिली जाते हे आपण सारेच जाणतो.

तिसरी खूण सोबतीची. फॅरडेच्या हाती आयझॅक वॉट्स या धर्मोपदेशकाचे मनाच्या सुधारणेवरचे एक पुस्तक आले होते. ते १७४१ साली प्रसिद्ध झालेले. ज्ञान वाढवण्याचे पाच मार्ग त्यात सांगितले आहेत: अवलोकन, वाचन, व्याख्यानश्रवण, संभाषण आणि चिंतन. फॅरडेने हे पाचही मार्ग अक्षरशः आचरणात आणले. टेटमच्या घरी जमणाऱ्या मंडळींत बेंजामिन ॲबट हा तरुण त्याला भेटला आणि दोघांचा पत्रव्यवहार जडला. आरंभी सांगितलेले पत्र या ॲबटलाच आहे. पत्रे लिहिण्यामागचा हेतूही त्याने लपवलेला नाही: लिहिल्याने आपले विचार साफ होतात आणि भाषा सुधारते, म्हणून लिहायचे. पुढे १८१८ च्या सुमारास चारसहा मित्रांनी एकत्र बसून एकमेकांचे वाचन, उच्चार आणि वाक्यरचना सुधारण्याचे एक मंडळ चालवले, त्यातही तो होता. अभ्यास एकट्याने कोपऱ्यात बसून करायचा असतो ही समजूत परीक्षांनी रुजवली आहे. या माणसाने एकट्याने केले ते पाठांतर नव्हे, प्रयोग. आणि प्रयोग झाला की तो कोणाला तरी समजावून सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

विचारण्याची लाजही त्याला नव्हती. १८३४ साली विजेने होणाऱ्या पृथक्करणाचे नियम मांडताना त्याला नवे शब्द हवे होते. ग्रीक येत नव्हते. तेव्हा जगद्विख्यात झालेल्या या माणसाने केंब्रिजच्या विल्यम ह्युएल यांना पत्र लिहून शब्द मागितले, आणि ॲनोड, कॅथोड, आयन हे शब्द त्या पत्रव्यवहारातून आले. आज मुलामा चढवण्याच्या लहानशा गाळ्यात काम करणारा, चार बुके शिकलेला आपला माणूस 'ॲनोड बदलायला झालाय' असे सहज म्हणतो, तेव्हा बांधणीकाराने पंडिताला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरच तो उच्चारत असतो.

आता पुढचा भाग बहुतेकांना माहीत आहे. विल्यम डान्स नावाच्या गिऱ्हाइकाने डेव्हींच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. १८१२ च्या वसंतात फॅरडेने चार व्याख्याने ऐकली. त्यांची ३८६ पानांची प्रत बांधून डिसेंबरात डेव्हींकडे पाठवली. डेव्ही भेटले, पण शास्त्राची चाकरी कष्टाची आणि तुटपुंज्या पैशांची, तेव्हा बांधणीचा धंदा सोडू नकोस, असा त्यांनी सल्ला दिला. पुढे १ मार्च १८१३ रोजी फॅरडेची रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस म्हणून नेमणूक झाली. पगार आठवड्याला २५ शिलिंग, माळ्यावर दोन खोल्या, कोळसा आणि मेणबत्त्या वेगळ्या.

ही गोष्ट शाळांतून 'प्रयत्नांती परमेश्वर' या सदरात सांगितली जाते. तिथे माझ्यातला संघटनेचा माणूस हरकत घेतो. ती जागा रिकामी झाली ती पेन नावाच्या आधीच्या मदतनिसाला मारामारीबद्दल कामावरून काढले म्हणून. भावाचा शिलिंग, मालकाची माया, गिऱ्हाइकाचे तिकीट, एकाची गेलेली नोकरी, इतके सारे जुळले तेव्हा एक फॅरडे निघाला. ज्यांच्या बाबतीत हे जुळले नाही त्यांच्या वह्या कोणी बांधून ठेवल्या नाहीत. आणि १८१३ ते १८१५ या युरोपच्या प्रवासात डेव्हींच्या पत्नीने या मदतनिसाला घरगड्यासारखे वागवले, तेव्हा तो पत्रांतून कुढला, पण भांडला नाही. तो आमच्यासारखा लढवय्या नव्हता, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. गणित शिकायचे राहिले ही उणीवही त्याची त्याला ठाऊक होती. मॅक्सवेलला त्याने १८५७ साली लिहिले, की गणितज्ञांनी आपले निष्कर्ष साध्या भाषेतही सांगावेत.

आणखी एक नाव घेतो. चार्ल्स अँडरसन हा लष्करातून निवृत्त झालेला सार्जंट फॅरडेच्या हाताखाली सुमारे चार दशके राबला. एकदा त्याला घरी जा म्हणायचे राहून गेले, तेव्हा तो रात्रभर भट्टी पेटती ठेवून बसला, अशी आख्यायिका आहे. लोक ती निष्ठेची गोष्ट म्हणून सांगतात. मला ती जादा तासांची वाटते. परंतु न्यायाने हेही नोंदवले पाहिजे की फॅरडेने आपल्या छापील संशोधनात तळटीप देऊन अँडरसनच्या काळजीपूर्वक, चोख कामाचे ऋण नाव घेऊन मान्य केले. इतके करणारे वरिष्ठ आजही मोजकेच.

पण या साऱ्या अभ्यासाची कसोटी, माझ्या मते, व्याख्यानमंदिरात झाली नाही. ती खाणीत झाली. २८ सप्टेंबर १८४४ रोजी डरॅम परगण्यातील हॅझवेल येथील कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन ९५ माणसे आणि मुले ठार झाली. खाणकामगारांचा वकील विल्यम रॉबर्ट्‌स हा चार्टिस्ट चळवळीतला. चौकशीसाठी स्वतंत्र शास्त्रज्ञ पाठवा अशी मागणी त्याने थेट पंतप्रधान पील यांच्याकडे लावून धरली. सरकारने फॅरडे आणि भूगर्भशास्त्रज्ञ लायेल यांना पाठवले. कामगारांच्या संघटनेने विज्ञानाला साक्षीला बोलावले, असा हा प्रसंग आहे आणि तो आपल्या इतिहासात मोठ्या अक्षरांत लिहिला पाहिजे.

फॅरडे खाणीत उतरला. हवेचा झोत कसा मोजता, असे विचारल्यावर तिथल्या एका माणसाने चिमूटभर बंदुकीची दारू मेणबत्तीवर टाकून तिचा धूर दाखवला. दारू ठेवता कोठे, या प्रश्नावर उत्तर मिळाले की एका पिशवीत, आणि आपण त्याच पिशवीवर बसला आहात. ही हकीकत लायेलने लिहून ठेवली आहे. पण फॅरडेची नजर दुसरीकडेही होती. खांबांवर आणि भिंतींवर अर्धवट जळलेल्या कोळशाच्या भुकटीची खपली चिकटली होती. त्यावरून दोघांनी अहवालात लिहिले, की या आगीला इंधन केवळ खाणीतल्या वायूचे नव्हते; झोताने उडालेली कोळशाची धूळही पेटली आणि तिने आग पसरवली. भिंतीवरची खपली वाचता येणे, हेच ते हाताला कळलेले रसायन.

मात्र ज्युरीने अपघाती मृत्यू असा निकाल दिला, दोष कोणाचाच नाही असे ठरले, आणि फॅरडेने त्याला संमती दिली. मृतांच्या कुटुंबांच्या निधीला त्याने पैसे दिले. धुळीविषयीचा इशारा मात्र बराच काळ कागदावर राहिला. १० मार्च १९०६ रोजी फ्रान्समधील कुरिएर येथील खाणींत कोळशाच्या धुळीचा स्फोट झाला आणि १०९९ जीव गेले. हॅझवेलच्या अहवालाला तेव्हा ६१ वर्षे उलटून गेली होती. एका शहाण्याला कळणे पुरेसे नसते. ज्याच्या अंगावर धूळ बसते त्याला कळले पाहिजे, आणि कळलेले बोलण्याची त्याच्यात ताकद पाहिजे.

आपल्या देशाने याची किंमत डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळात मोजली. मिथिल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरले आणि झोपलेले शहर गुदमरले. त्यानंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक द्रव्यांची माहिती कामगारांना देण्याचे बंधन मालकांवर आले, आणि आसन्न धोक्याची सूचना देण्याचा हक्क कामगारांना लाभला. हक्क मिळाला हे मोठेच झाले. पण पिंपावरचे लेबल ज्याला वाचता येत नाही, पाण्याने काय होईल हे ज्याने कधी पाहिले नाही, तो सूचना कशाची देणार? न समजलेली माहिती हातात देऊन पोच घेतली की मालकाचे कर्तव्य कागदावर संपते. आपले तेथून सुरू होते.

म्हणून आम्ही काही मंडळी रविवारी सकाळी दोन तास एकत्र बसतो. रीत फॅरडेचीच आहे. एक माणूस आपल्या खात्यातल्या एकाच द्रव्याविषयी बोलतो. बाकीचे फक्त मुख्य शब्द टिपतात. घरी जाऊन प्रत्येकाने ते आपल्या मराठीत पुरे लिहून आणायचे, आणि पुढच्या रविवारी ज्याचे लिहिणे सर्वांत अपुरे त्याने ते उभे राहून समजावून सांगायचे. हसायचे नाही, हा एकच नियम. जे निर्धोकपणे करून पाहता येते ते करून पाहतो: लिंबाच्या रसात खाण्याचा सोडा टाकतो, हळदीच्या कागदावर चुन्याची निवळी सोडतो, ओल्या आणि कोरड्या खिळ्यांना गंज कसा चढतो ते आठवडाभर पाहतो. खर्च रुपयांत मोजण्याइतका. पन्नाशीच्या कामगारालाही हळदीचा कागद लाल झालेला पाहून लहान मुलासारखा आनंद होतो, हे मी पाहिले आहे. मलाही झाला होता.

ज्या मुलाचा हात भाजला होता तो आता बरा आहे. कातडीवरचे वण राहिले आहेत. नवी माणसे भरती झाली की आम्ल विरळ करण्याचा पाठ तोच देतो. तो आधी मोठ्या भांड्यात पाणी घेतो, चष्मा आणि हातमोजे घालतो, मग काचेच्या कांडीवरून आम्लाची बारीक धार सोडतो, आणि शेजारी उभ्या असलेल्या पोराला भांड्याला बाहेरून हात लावायला सांगतो. पोर चटकन हात मागे घेते. तेवढ्यावर तो थांबत नाही. "आता हे घरी जाऊन लिही," असे त्याला सांगतो, "आणि उद्या मला शिकव."